लग्नातला कोट, शहापूरचा टेलर आणि मुंबईचं ऑपेरा हाऊस

पहिलंच सांगून टाकतो, दुकानाचं नाव विचारू नका, कारण नाव नाहीच. बेळगावात खडेबाजार शहापूरमधनं आत एक बोळ जातंय, तिथं एका जिन्याखाली एक मशीन, एक टेबल, एक जुनी जड इस्त्री आणि एक मामा. संपलं दुकान. बोर्ड का लावला नाही म्हणून विचारलो तर म्हणाले, "कुठल्या भाषेत लावायचा ते भांडण मिटू दे की ओ, मग लावतो." पंचवीस वर्षं झाली म्हणे. भांडण मिटलं नाही आणि गिऱ्हाईक पण थांबलं नाही. काम फक्त अल्टरेशनचं, नवीन शिवत नाहीत, लेडीज घेत नाहीत, शाळेचे युनिफॉर्म तर दारातनंच परत. मी त्यांना पाचपैकी चार देतोय आणि तो एक का कापला ते पण सांगणार आहे, पण आधी तिथं कसा पोचलो ते सांगायला पाहिजे नाहीतर तुम्ही म्हणाल कोट ढिला करून घेतला त्यात एवढं लिहायसारखं काय आहे.

तर आमची भाची मुंबईत असते. नोकरी करते आणि गाणं शिकते, आपलं नव्हे, वेस्टर्न, कॉयरमध्ये गाते. तिच्या ग्रुपचा कार्यक्रम डिसेंबरात रॉयल ऑपेरा हाऊसला ठरला, अख्खा ऑपेरा (म्हणजे तिकडचं संगीत नाटक) नाही, वेगवेगळ्या ऑपेरांतली निवडक गाणी पियानोवर, आणि मामा-मामीला, म्हणजे आम्हाला, दोन पास. व्हॉट्सॲपवर तारीख, वेळ, लोकेशन सगळं पाठवलं आणि शेवटी एक ओळ, "मामा प्लीज नीट कपडे घालून या हं."

ह्या एका ओळीनं आमच्या घरात तीन आठवडे डोकं उठवलं.

नीट म्हणजे काय ओ? मी पतसंस्थेत काम करतो. माझ्या कपाटात सहा शर्ट, त्यातले चार निळे, तीन पँट, गणपतीत घालायचा एक झब्बा, लग्नकार्यात कुणीकुणी दिलेली न शिवलेली शर्टपीस आठ-दहा (ती कुणीच शिवत नाही, ती फिरत असतात), आणि मागच्या बाजूला प्लॅस्टिकच्या कव्हरात २००३ सालचा माझा लग्नातला कोट. नेव्ही ब्लू, तीन बटणांचा, खांद्यात एवढं पॅड घातलेलं की फोटोत मी कबड्डीपटू वाटतोय. तेव्हा तीच फॅशन होती, हसू नका.

आता माणूस घाबरला की मोबाईल उघडतो. मी पण रात्री जेवून झाल्यावर ऑपेराला लोक काय घालतात ते बघत बसलो आणि आणखीन गोंधळात पडलो. इंग्लंडात ग्लाइंडबोर्न म्हणून एक ठिकाण आहे, १९३४ पासून तिथं उन्हाळ्यात ऑपेराचा महोत्सव असतोय, तिथं लोक काळा टक्सिडो, बो टाय, बायका पायापर्यंत गाऊन घालून जातात आणि मधल्या लांब सुट्टीत बाहेर गवतावर बसून डबा खातात. म्हणजे आपल्याकडं वनभोजनाला शेरवानी घालून गेल्यासारखं. ते वाचून मी बायकोला म्हटलो आपण जायचं नको. मग पुढं वाचलो तर लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसला ड्रेस कोडच नाही, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराला पण नाही, लोक जीन्सवर पण जातात. इटलीतल्या मिलानचं ला स्काला हे ऑपेरा हाऊस एवढं नामांकित, ते २०२५ मध्ये एवढंच म्हणालं की हाफ चड्डी, बनियनसारखे टॉप आणि स्लिपर घालून आलात तर आत सोडणार नाही. एवढं तर आमचे हेड ऑफिसवाले पण म्हणतात.

सगळ्यात भारी व्हिएन्नाचं. तिथल्या ऑपेरात उभं राहून बघायची स्वस्त तिकिटं असतात आणि आपली जागा धरायला लोक समोरच्या दांडीला स्कार्फ बांधून ठेवतात, मग खुशाल फिरून यायचं, जागा तुमची. हे वाचलो आणि माझी अर्धी भीती गेली बघा. कारण सेंट्रल बसस्टँडवर खिडकीतनं रुमाल टाकून सीट धरणाऱ्या जातीतला माणूस आहे मी, म्हणजे तिथली माणसं आपल्यातलीच की.

बायको म्हणाली, "अहो, ते व्हिएन्ना राहू दे, तुम्ही काय घालणार ते सांगा."

मग सुरू झाली शोधाशोध. आधी गणपत गल्लीत एका मोठ्या दुकानात गेलो, रेडिमेड ब्लेझर ५,२०० पासून सुरू, आणि अंगात घातल्यावर लक्षात आलं की आजकाल कोट असे शिवतात की आत माणूस नसला तर जास्त चांगला दिसेल. पोटावर बटण लागलं पण श्वास घेता येईना. सेल्समन म्हणतो "सर स्लिम फिट आहे", मी म्हटलो बाबा रे मी स्लिम नाही. मग कुणीतरी सांगितलं भाड्यानं मिळतो, लग्नवाल्यांना देतात तसला. तिकडं पण गेलो, नाव घेत नाही, बाराशे रुपये भाडं आणि दोन हजार डिपॉझिट. कोट बरा होता, मापात पण होता, पण कॉलर नाकाजवळ आली आणि अगोदरच्या नवरदेवाचा सगळा घाम, अत्तर आणि टेन्शन एकदम वासात आलं. डाव्या बाहीच्या आत हळदीचा डाग. ड्रायक्लीन करून देता काय म्हणून विचारलो तर म्हणाला केलेलाच आहे. नमस्कार करून बाहेर आलो.

घरी येऊन जुना कोट काढला. डांबरगोळ्यांचा वास, डाव्या खिशाजवळ कसरीनं खाऊन तुरीच्या डाळीएवढं भोक, बाहीचं एक बटण गेलेलं, आणि पोटाजवळ दोन्ही बाजूंत दोन इंचाचं अंतर. हे दोन इंच म्हणजे बावीस वर्षांचा संसार, बाकी काही नाही. पँटचं तर बोलूच नका, कंबर तीसची, ती आता मांडीत पण जात नाही.

ऑफिसमधल्या एकानं शहापूरच्या ह्या मामांचा पत्ता दिला. पत्ता म्हणजे, "बोळात जावा, इस्त्रीचा वास येतो तिथं."

मामांनी काय केलं ते जरा निवांत सांगतो कारण खरी मजा तिथंच आहे. आपण कोट बघतो तो बाहेरनं, घालून, आरशात. मामांनी कोट हातात घेतला आणि पहिल्यांदा उलटा केला. अस्तर बाहेर. मग पाठीच्या मधल्या शिलाईवरनं अंगठा वरनं खाली फिरवत नेला, डोळे दुसरीकडंच, बोळातनं कोण चाललंय ते बघत, आणि मध्येच थांबून म्हणाले, "आहे की ओ. सव्वा इंच मार्जिन आहे आत. शिवणारा शहाणा होता." मग दोन्ही कुशीतल्या शिलाया बघितल्या, तिथं अर्धा-अर्धा इंच. मला माझा लग्नातला टेलर आठवला, आमच्या गल्लीतलाच, आता नाही तो. त्यानं तेव्हाच ओळखलं असणार की हा माणूस पुढं सुटणार आहे.

मी म्हटलो, "मामा, खांदे जरा कमी होतील काय?" तर एकदम सिरीयस झाले. "खांद्याला हात लावत नाही. खांदा काढायचा म्हणजे बाही काढायला लागते, कॉलर हलते, मग नवीनच शिवा की. पॅड तेवढं पातळ करून देतो." अस्तर थोडं उसवून आतल्या पॅडचे थर दाखवले, कापूस आणि बकरमसारखं काहीतरी, एकावर एक तीन, त्यातला एक काढणार म्हणाले. आणि तीन बटणांचं काय करायचं? "वरचं बटण विसरून जावा. मी कॉलर अशी दाबून देतो की ते बटण आत वळेल, मधलं एकच लावायचं. खालचं तर लावायचंच नसतं." हे मला बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, लग्नात मी तिन्ही लावून उभा होतो आणि तसाच अल्बम आहे.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला जो मला फार आवडला. "कार्यक्रम दिवसा आहे का रात्री?"

मी म्हटलो रात्री, पण का? तर म्हणाले, आत दाबून ठेवलेलं कापड बावीस वर्षं उजेड बघितलेलं नाही, ते गडद आहे, बाहेरचं थोडं विटलंय. शिलाई सोडली की पाठीवर मधोमध एक गडद पट्टी दिसणार, बोटाएवढी, आणि जुन्या टिपेची रेघ पण. रेघ ओलं फडकं टाकून इस्त्री मारून जवळजवळ घालवतो, पट्टी नाही जाणार. "उन्हात दिसेल. लायटीत नाही दिसणार. रात्रीचं असेल तर करा, दिवसाचं असेल तर पैसे घालवू नका." आता मला सांगा, कुठला दुकानदार येणारं काम असं सोडायला तयार होतो?

भोकाचं रफू पण त्यांनीच केलं. कोटाच्या खालच्या दुमडीतनं, जिथं कुणाला दिसत नाही, तिथनं त्याच कापडाचे धागे एकेक करून ओढून काढले आणि सुईनं भोकावर उभे आडवे विणले, जाळी विणतात तसं. मी तिथंच स्टुलावर बसून बघत होतो, चहा आला, चहा गार झाला, आणि भोक हळूहळू बुजत गेलं. शेवटी नखानं खरवडल्यासारखं करून, वर वाफ देऊन कोट लांब धरला आणि "कुठं होतं?" म्हणून मलाच विचारले. मला खरंच लगेच सापडलं नाही. बोट फिरवलं की कळतं, जरा जाड लागतं.

पँटवर म्हणाले लग्नातली विसरा, ऑफिसची ग्रे आहे काय, तीच घाला, निळ्या कोटावर काळी नको, चुकून वेगळ्या सुटाची घातल्यासारखी दिसते. शर्ट पांढरा. टाय नको वाटली तर नको. एवढं सांगून झाल्यावर माझ्याकडं वरनं खालपर्यंत बघून म्हणाले, "आणि केस कापा."

बिल सांगतो. कोट सोडायचे आणि पॅडचे सातशे, रफूचे दीडशे, बाहीची बटणं एकासारखं एक मिळेना म्हणून सगळीच बदलली त्याचे ऐंशी. ९३० झाले, मी साडेनऊशे दिले, त्यांनी वीस परत दिले. ठेवा म्हटलो तर ठेवले नाहीत.

आता एक मार्क का कापला ते. गुरुवारी देतो म्हणाले आणि दिलं पुढच्या बुधवारी. शुक्रवारी रात्री आमची बस. तुळशीचं लग्न झालं की बेळगावातला टेलर म्हणजे देवस्थान होतंय, रांगेत दर्शन मिळतं, प्रसाद मिळत नाही. मी चार हेलपाटे घातले. सोमवारी गेलो तर कोट तसाच उसवलेला खुंटीला लटकलेला, पाठ फाडून ठेवलेल्या कोंबडीसारखा, आणि मामा कुणाच्यातरी शेरवानीची बाही लावायलेत. बायकोला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली झब्बा इस्त्री करून ठेवते. त्यामुळं जाणार असाल तर लग्नसराईत जाऊ नका, पितृपंधरवड्यात जावा, तेव्हा मामा पण मोकळे असतात आणि गप्पा पण चांगल्या मारतात. दुपारी दीड ते चार बंद, घरी जाऊन झोपतात. फोन नंबर आहे पण उचलत नाहीत. आणखीन एक कारण आहे ते शेवटी सांगतो.

बुटांचं थोडक्यात. माझी फार इच्छा होती की कोल्हापुरी घालावं. अथणीवरनं आणलेलं एक जोड माझ्याकडं आहे, आणि कोल्हापुरी म्हटलं तरी ती आपली पण आहे, २०१९ ला जीआय (ही वस्तू ह्याच भागातली अशी सरकारी मान्यता) मिळाला त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत, त्यात आपला बेळगाव पहिला घ्या. पण भाचीनं फोनवर सांगितलं की तिथं माईक नसतो, गाणारे नुसत्या गळ्यावर अख्खं थिएटर भरतात, त्यामुळं लोक अगदी गप्प बसतात, खोकला पण दाबतात. आणि माझी अथणीची चप्पल करकर वाजती. करकर वाजली तरच ती खरी असं आमचे वडील म्हणायचे. गल्लीत चालताना भारी वाटतं, पण तिथं अंधारात उशिरा सीटवर जायला लागलं तर सगळ्यांना कळणार की बेळगावहून माणूस आला. ऑफिसचे काळे बूट होते त्यालाच नवीन टाचा मारून, पॉलिश करून घेतलो, एकशे वीस रुपये.

बायकोचा प्रश्न एका मिनिटात सुटला आणि मला त्याचा रागच आला. तिनं ट्रंकेतनं तिच्या आईची इरकल काढली आणि म्हणाली, "माझं झालं." काळसर निळी, अंगानं सुती, लाल पदर आणि त्यात पांढऱ्या उभ्या कंगोऱ्यांची नक्षी. आमच्यात टोपपदर म्हणतात, कानडीत टोप तेनी. पदर वेगळा आणि अंग वेगळं असतंय हे मला तिनं बोटानं दाखवलं तेव्हा कळलं, म्हणजे विणतानाच पदराचे ताण्याचे धागे वेगळे घेतात आणि अंगाच्या धाग्यांना फासात फास घालून एकेक जोडतात. तो जोड जिथं आहे तिथं साडी उलटी करून बघितली तरी शिवल्यासारखं काही दिसत नाही. इतकी वर्षं ही साडी घरात आहे, मी एकदा पण एवढ्या जवळनं बघितली नव्हती. ब्लाऊज खणाचं, गुळेदगुड्डचा खण, शेजारच्या वहिनींनी दोन दिवसांत शिवून दिलं, दोनशे ऐंशी. (आता कोण म्हणेल लेडीजला खर्च जास्त येतो.)

एकच भानगड, बांगड्या. हिरव्या काचेच्या भरून घातलेल्या, त्या वाजतात. काढायला तयार नाही. शेवटी तोडगा असा निघाला की आत गेल्यावर दोन्ही मनगटांना रुमाल गुंडाळायचा. ते बघायला जरा हात मोडल्यासारखं दिसलं पण अंधारात कोण बघतंय.

शुक्रवारी रात्री स्लीपर बस, कोट हँगरसकट खिडकीच्या दांडीला टांगलेला, निपाणीला चहाला उतरलो तर शेजारचा माणूस विचारतो लग्न कुणाचं आहे.

ऑपेरा हाऊस चर्नी रोड स्टेशनपासनं चालत जाण्याइतकं जवळ. बाहेरनं बघितलं तर गर्दीच्या नाक्यावर एकदम राजवाडा उभा असल्यासारखं. १९११ मध्ये पंचम जॉर्ज राजाच्या हातनं उद्घाटन झालं, तेव्हा बांधकाम पूर्ण पण झालं नव्हतं म्हणे, पुढं तिथं सिनेमा चालायला लागला, १९९३ ला बंद पडलं ते तेवीस वर्षं बंदच, आभा नारायण लांबा ह्या आर्किटेक्टनी सगळं दुरुस्त केलं आणि २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये परत उघडलं. भारतात उरलेलं हे एवढं एकच ऑपेरा हाऊस. बालगंधर्वांनी पण इथं नाटकं केलीत, ते वाचल्यापासनं मला जरा हक्काचं वाटायला लागलं होतं. कारण आपल्या संगीत नाटकाची सुरुवात ज्यांनी केली, १८८० ला पुण्यात शाकुंतल उभं केलं, ते अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. आणि बालगंधर्वांच्या साड्या, अत्तरं, त्यांचा नेसायचा थाट बघून बायका तशी साडी नेसायला लागल्या हे तर आमच्या आजीकडनं ऐकलेलं. तेव्हा नाटकाला जाताना पण लोक ठेवणीतलं काढूनच जायचे. मग मी एवढा घाबरलो कशाला?

आत गेल्यावर पहिलं काम काय केलं तर लोकांचे कपडे बघितलो. तर काय सांगू. एक म्हातारे गृहस्थ खरंच काळ्या सुटात, बो टाय लावलेले, काठी घेतलेले. त्यांच्या शेजारी एक पोरगा टीशर्ट आणि वर ब्लेझर. दोन-तीन जीन्स. कुर्ता-जॅकेटवाले भरपूर. काठापदराच्या साड्या पण होत्या, गाऊन पण होते. म्हणजे माझ्या तीन आठवड्यांच्या टेन्शनला काही अर्थ नव्हता, झब्ब्यावर गेलो असतो तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण एक सांगतो, मापात बसलेला कोट अंगात असला की माणूस वेगळा उभा राहतोय. दोन इंच सोडले होते ना पाठीतनं आणि कुशीतनं, त्यामुळं खुर्चीत बसताना मधलं बटण लावून पण आरामात बसता आलं. आणि एसी एवढा होता की झब्बेवाले काकडायला लागले. पाठीवरची पट्टी? बायकोला तीन वेळा बघायला लावलं, झुंबराखाली, जिन्यात आणि दारात. दारातल्या पांढऱ्या लाईटला दिसती म्हणाली, बाकी कुठं नाही.

माझ्याकडं कुणी बघितलं पण नाही हा भाग वेगळा. इंटरव्हलला एक म्हाताऱ्या पारशी बाई सरळ आमच्याजवळ आल्या आणि बायकोचा पदर हातात घेऊन, कुठली साडी, कुठं मिळते, किती वर्षांची, चौकशीवर चौकशी. बायकोनं तिच्या हिंदीत तो फासाचा जोड समजावून सांगितला, मनगटाला रुमाल तसेच गुंडाळलेले. बाईंनी विचारलं हाताला काय लागलं. मग बायकोनं रुमाल सोडून बांगड्या दाखवल्या आणि त्या दोघी अशा हसायला लागल्या की मला ओळख करून द्यायची संधीच मिळाली नाही. बाईंना माझा कोट दिसला नाही. सातशे रुपयांचा, पाठ सोडलेला.

दुसऱ्या भागात एक गाणं झालं त्याबद्दल भाचीनं आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं. पुचिनी ह्या इटालियन संगीतकाराचा ला बोहेम म्हणून ऑपेरा आहे, १८९६ मध्ये इटलीत तुरीनला पहिल्यांदा झाला, पॅरिसमधल्या फाटक्या खिशाच्या कलाकार पोरांची गोष्ट. घरात सरपण नाही, भाडं द्यायला पैसे नाहीत. शेवटच्या अंकात त्यांच्यातल्या एकाची प्रेयसी मिमी, आधीपासनंच आजारी, मरायला टेकते आणि औषधाला पैसे पाहिजेत, तेव्हा त्यांच्यातला कोलीन, तो तत्त्वज्ञान वाचणारा, आपला जुना ओव्हरकोट विकायला काढतो आणि जायच्या आधी त्या कोटालाच निरोप देतो. गाणं लहान आहे, दोन-अडीच मिनिटांचं. तुझ्या खिशातनं किती तत्त्ववेत्ते आणि कवी राहून गेले, अशा अर्थाचं काहीतरी त्यात आहे.

गाणारा माणूस उंच, खर्जातला आवाज. नुसता उभा होता, हातात कोट पण नव्हता, हात बाजूला सोडलेले. पण तो आवाज जमिनीतनं आल्यासारखा हळू सुरू झाला आणि मला एक शब्द कळत नसताना पोटात कालवलं. मी आपला नकळत डावा हात माझ्या कोटाच्या खिशात घातला. त्या रफूजवळच्या. मनात म्हटलो माझ्या खिशात काय तत्त्ववेत्ते, फार तर लग्नातली अक्षता सापडेल एखादी.

तर बोटाला काहीतरी लागलं. चपटं, गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखं. अंधारात कळेना. चाचपलो, फिरवलो, हात बाहेर काढून मांडीवर ठेवला. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, आणि लाईट लागल्यावर बघतो तर बोटं पांढरी आणि ग्रे पँटवर मांडीवर पाच बोटांचा पंजा उमटलेला. मामांचा खडू. मार्किंग करायचा तो. खिशात विसरलेले.

तो कापलेला एक मार्क हा. उशीर पण आहे, पण जास्त हा. पाऊण मार्क खडूचा, पाव उशिराचा. भाचीला स्टेजमागं भेटायला गेलो ते एका हातानं मांडी झाकून. तिनं आधी मामीची साडी बघितली, मग मला म्हणाली, "मामा, कोट मस्त आहे, नवीन घेतलास?" मी हो म्हटलो. खरं सांगायला पाहिजे होतं पण पंजा झाकायच्या गडबडीत होतो.

परत आल्यावर मंगळवारी शहापूरला गेलो, मुद्दाम, थोडं बोलायचं म्हणूनच. मामा चष्मा कपाळावर ठेवून कुणाचीतरी पँट उसवायलेत. मी काही न बोलता खडू टेबलावर ठेवला. त्यांनी बघितलं, उचलला, आणि म्हणाले, "अय्यो, हाच शोधायलो होतो की ओ चार दिवस." लगेच त्या पँटवर दोन रेघा मारल्या. ऑपेरा कसा झाला, मुंबई कशी होती, एक शब्द नाही. रेघा मारून झाल्यावर मान वर न करता विचारले, "पट्टी दिसली काय?"

मी म्हटलो दारात थोडी.

"दारात कशाला उभारलाय मग?"